एनॉकची डावी बाजू

१४ एप्रिल १९५७, ब्रॉन्स्टन

डोरीन, लिही. मी बोलते तेच लिही, मधे तुझा शहाणपणा नको.

पेपरात छापून आलंय की एनॉक टिल्सनची आजी नव्वद वर्षांची आहे आणि दिवसभर पाइप ओढते. मी एकाहत्तरची आहे. पाइप माझ्या नवऱ्याचा होता, तो गेल्यापासून नुसता दातात धरते. विझलेलाच असतो. पेपरवाला नावेवर आला, माझ्या हातचा चहा प्याला, आणि जाऊन हे लिहिलं. म्हणून मी ठरवलं, आपला पेपर आपणच काढायचा.

मला अक्षर येत नाही. आमच्यात, कालव्यावर कोळशाच्या नावांत राहणाऱ्यांत, कुणालाच येत नसे. शाळा एका जागी उभी असते आणि नाव उभी राहत नाही, एवढंच त्याचं कारण. म्हणून डोरीनला बसवलंय. डोरीन एनॉकची बायको. काठावरची आहे. घरात राहणाऱ्या सगळ्यांनाच आम्ही काठावरचे म्हणतो, तेव्हा तिनं तोंड वाकडं करू नये. करतेय, पण लिहितेय.

तर बातमी अशी. आमचा एनॉक लंडनमध्ये जिंकला. सगळ्या देशातल्या हौशी हेवीवेटांमध्ये पहिला आला. त्याची आई तापात गेली आणि बाप, म्हणजे माझा मुलगा, युद्धात. हा रेडा मी वाढवला, कोळशाच्या ढिगावर आणि जाड कापलेल्या पावावर. बॉक्सिंग त्याला सैन्यानं शिकवलं. अक्षरंही सैन्यानंच. परत आला तेव्हा कालव्यावरच्या प्रत्येक नावेचं नाव मोठ्यानं वाचत सुटला होता. जन्मभर त्या नावांच्या शेजारून गेले मी, कुठलं काय ते रंगावरून ओळखायची. त्या दिवशी त्यानं मला ती वाचून दाखवली.

आज लढतीची बातमीही त्यानंच वाचली, तीन वेळा. पाइपचा भाग आला की हसत होता मेला.

२ मे १९५७

कॉव्हेंट्रीच्या तालमीतला क्रॉशर एनॉकला तयार करतो. बुटका आहे, मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं ठेवलंय. आज मी तालीम बघायला गेले. क्रॉशर ओरडायचा, "डावा वर, एनॉक, डावा!" आणि एनॉक क्षणभर विचार करायचा. तेवढ्यात समोरचा त्याला एक देऊन जायचा.

मी क्रॉशरला म्हटलं, "साहेब, आमच्यात डावं-उजवं नसतं."

"मग काय असतं, बाई?"

"घोडवाटेची बाजू ती आत. पलीकडची ती बाहेर." पूर्वी घोडे नाव ओढत चालायचे ती काठावरची वाट म्हणजे घोडवाट. सुकाणूवरच्या माणसाला आम्ही 'आत घे' म्हणतो नाहीतर 'बाहेर घे' म्हणतो. डावं म्हटलं तर पोरगं विचार करत बसेल आणि नाव पुलावर आपटेल.

क्रॉशर म्हणाला, "आणि या रिंगणात घोडवाट कुठाय?"

"तुम्ही उभे राहता ती समजा."

"पण तो फिरतो ना, बाई. तो फिरला की तुमची आत ती बाहेर होते."

हे खरं होतं. मी एनॉकच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधून दिला. तो म्हणाला, "आजी, सैन्यात शिकलोय गं मी. घाईत विसरतो फक्त."

"घाईतच मार खातोस ना? मग घाईसाठी बांधलाय."

२१ सप्टेंबर १९५८

एनॉक आता धंदेवाईक झाला. मी विचारलं, म्हणजे बदललं काय? तो म्हणाला, हौशी लढताना अंगात बनियन असतो, आता नसणार. बनियन काढला की माणूस धंदेवाईक होतो तर. उन्हाळ्यात कालव्यावरचे सगळेच धंदेवाईक.

आधी बॉक्सिंग मंडळाच्या डॉक्टरनं तपासलं. छाती ठोकली, गुडघे ठोकले, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. एनॉक म्हणतो अगदी खालची मुंगीएवढी ओळ वाचली. ती सगळी ओळ त्यानं जेवताना म्हणून दाखवली. अर्थ काही नव्हता तिला, पण म्हणत होता मंत्रासारखी.

८ जून १९५९

जिंकला. तीन पुलांवरून लोकांनी हात हलवले. मोठ्या पंपघराजवळच्या त्या खडूस दरवाजेवाल्यानं आज आमच्यासाठी कालव्यातले पाणी अडवायचे दरवाजे आधीच उघडून ठेवले होते.

१९ मार्च १९६०, रग्बी गावाच्या अलीकडे

मँचेस्टरला जिंकला, पण चेहरा बघवत नाही. समोरचा वेल्समधला होता, अंगठा डोळ्यात घालायची खोड असलेला. डावा डोळा बंदच झालाय. मी थंड चहाच्या पाल्याची पुरचुंडी करून बांधली.

"आजी, मला डोळा हवाय, भांडं घासायचं नाहीये."

"गप बस. तुझ्या आजोबांचा याच्यानंच बरा झाला होता."

"आजोबांना काय झालं होतं?"

"मी मारलं होतं."

हसला. हसताना डोळा दुखला.

४ एप्रिल १९६०

सूज उतरली. पण पोराला एक नवीन खोड लागलीय. बसल्या बसल्या तोंडासमोरून हात फिरवतो, माशी हाकलल्यासारखा. एप्रिलच्या थंडीत माशा कुठल्या? विचारलं तर म्हणाला, काजळी उडतेय. चूल मी आजच साफ केली होती. डोरीनला विचारलं, तुला दिसते का काजळी, तर म्हणते हो. काठावरच्या बाईला स्वच्छता कशाशी खातात ते माहीत नाही हे मला ठाऊक होतंच.

२८ ऑगस्ट १९६०

एनॉक आता पेपर वाचून दाखवत नाही. "डोरीन वाचेल," म्हणतो आणि छपरावर जाऊन पडतो. नाव झालं की माणसाला स्वतःची स्तुती वाचायचाही कंटाळा येतो. डोरीन वाचते, पण तिचं वाचणं म्हणजे मिठाशिवाय बटाटा.

आज त्यानं मला चहा ओतून दिला तो कपाच्या शेजारी. सगळा चटईवर. मी म्हटलं, "कपाला काय वाईट वाटेल रे." तर इतका चिडला की बाहेर निघून गेला. मी थट्टा केली होती. आजवर कधी चिडला नव्हता.

१३ नोव्हेंबर १९६०

काल बर्मिंगहॅमला मी स्वतः बघितलं. समोरच्याचा प्रत्येक उजवा ठोसा एनॉकच्या डाव्या गालावर. एकही चुकला नाही. एनॉक हातसुद्धा वर करेना, जणू तिकडून काही येतच नाहीये. शेवटी यानं एक असा दिला की तो माणूस आडवाच झाला, म्हणून निभावलं. पण तोवर मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

माझ्या मते जुनं दुखणं उलटलंय. डावं कुठलं ते पुन्हा विसरला. लाल दोरा केव्हाच तुटून गेलाय. मी आज नवीन बांधायला घेतला तर हात मागे घेतला. म्हणाला, "दोऱ्यानं काही होणार नाही आजी."

"मागे झालं होतं ना?"

"मागे झालं होतं."

क्रॉशर म्हणतो आता थेट ब्रिटनच्या अजिंक्यपदाच्या पट्ट्यासाठी लढत. मार्चमध्ये, लंडनला. आमच्या नावेवरच्या पोराला. काठावरच्या दुकानांत अजून आम्हाला बाहेर उभं राहायला सांगतात आणि सामान दारातून देतात.

२२ जानेवारी १९६१

क्रॉशर नावेवर जेवायला आला आणि एक मोठा विनोद सांगून गेला. एनॉकची पुन्हा तपासणी झाली. डॉक्टर नवा होता, लंडनचा. एक डोळा झाक म्हणाला आणि अक्षरं वाच म्हणाला. एनॉक मान खाली घालून म्हणाला, "माफ करा साहेब, मी नावेवर जन्मलो. शाळेत गेलो नाही." डॉक्टर बिचारा लाजून लाल झाला. तक्ता गुंडाळला, बोटं दाखवून किती ते विचारलं, तेही दोन्ही डोळे उघडे असताना, आणि सही करून टाकली.

क्रॉशर मांडीवर थाप मारून हसला. एनॉक बटाटे सोलत बसला होता.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "तू मला सगळ्या नावांची नावं वाचून दाखवलीस. आणि तिथं सांगितलंस मी अडाणी आहे म्हणून?"

"विनोद होता, आजी."

"कुणावर?"

त्यानं पुढचा बटाटा सोलायला घेतला.

डोरीन, पेन का थांबलं? शाई संपली म्हणते. शाई मला दिसतेय.

१० फेब्रुवारी १९६१

एनॉक चार दिवस सुटी घेऊन सुकाणूवर आला, हात मोकळे करायला म्हणून. कोळसा भरून खाली कागदाच्या गिरणीला चाललो होतो. चौथ्या पुलाच्या कमानीत त्यानं नाव बाहेरच्या बाजूला घासली. रंग गेला. मी म्हटलं, शहरात राहून मऊ झालास. पुढच्या पुलाला पुन्हा, बाहेरच. सहा वर्षांचा होता तेव्हा स्टुलावर उभा राहून सुकाणू धरायचा आणि कमानीला बोट लागू द्यायचा नाही.

मला वाटलं, बाहेरची बाजू विसरला. पण आत-बाहेर कसं विसरेल? ते आम्ही विसरत नाही. डावं-उजवं काठावरच्यांचं आहे, ते विसरता येतं.

१३ फेब्रुवारी १९६१

रिकामे परत आलो. तोच कालवा, तेच पूल, तीच घोडवाट. आज त्यानं नाव आतल्या बाजूला घासली. दोनदा.

मी बटाटे... नाही, पाव कापत होते. काय झालं बघ, बोलताना दुसरंच येतं तोंडात. पाव कापत होते आणि सुरी तशीच हातात राहिली. जाताना बाहेर घासली, येताना आत. म्हणजे ती बाजू कालव्याची नव्हतीच. ती एनॉकची होती. जाताना काय आणि येताना काय, त्याच्या डाव्या हाताला जे असतं ते त्याला दिसत नाही.

माशा, चहा, पेपर, तो लंडनचा डॉक्टर. सगळं एकदमच आलं, एकामागोमाग नावा लागाव्यात तसं.

मी डोरीनला विचारलं, "कधीपासून?"

ती म्हणाली, "मँचेस्टरपासून. आधी काजळी, मग कोपऱ्यातून पडदा. आता काहीच नाही."

"आणि तू मला लिहून देत बसलीस."

"त्यानं शपथ घातली होती, आजी. तुम्ही बोलत होतात, मी लिहीत होते. मला वाटायचं तुम्हाला आज कळेल, उद्या कळेल."

हेही लिही म्हटलं. लिहितेय. रडायचं असेल तर कागद बाजूला ठेवून रड, शाई पसरते.

१४ फेब्रुवारी १९६१

एनॉकशी बोलले. नाव बांधली होती, तो पुढच्या टोकाला बसला होता. मी मुद्दाम डावीकडून गेले. खांद्याला हात लावेपर्यंत कळलं नाही त्याला.

"आजी, एकच लढत. ही झाली की सोडतो."

"डावा तर गेलाच. उजव्यावर कुणी दिला तर?"

"उजव्यानं मला दिसतं."

"डावीकडून येणारा उजव्यावर बसत नाही असं कुणी सांगितलं तुला? क्रॉशरनं?"

"त्याला फक्त डोळा अधू आहे एवढंच माहीत आहे. गेलाय ते नाही."

मग त्यानं पाण्याकडे बघितलं. म्हणाला, "कोळसा आता लॉऱ्या नेतात. दोन-चार वर्षांत नावा बंद होतील. मग आपण काठावरचे होऊ, आजी, आणि काठावर आपल्याला कोण विचारतं? घाणेरडे, अडाणी, चोर. एकदा त्या पट्ट्यावर आपल्यातल्या एकाचं नाव लागू दे."

"त्या नावासाठी तू त्यांना काय सांगितलंस? की आम्ही अडाणी आहोत. आणि त्यांनी ते लगेच खरं मानलं."

तो म्हणाला, "तू बोलणार नाहीस ना?"

मी म्हटलं, "मी काय बोलणार. मला कोण विचारतं."

त्याला ते वचन वाटलं. मी वाटू दिलं.

७ मार्च १९६१, लंडन

आज लढतीचा दिवस. दुपारी वजन करतात आणि डॉक्टर शेवटचं बघतो. मी डोरीनला म्हटलं, तिथं ने मला. ती नको म्हणाली नाही. कोट घालून दारात उभीच होती.

हॉलमध्ये सगळे पुरुष, सिगारेटचा धूर. माझी नावेवरची झालरीची टोपी बघून कुणीतरी म्हणालं, "राणीसाहेब आल्या." मी म्हटलं, "मुजरा कर मग." वाट दिली लोकांनी.

एनॉक चड्डीवर उभा होता, काट्यावरून नुकताच उतरलेला. मला बघून हसला. त्याला वाटलं आशीर्वाद द्यायला आलेय.

डॉक्टर टेबलाशी होता, तोच जानेवारीतला. चांगला माणूस दिसला. मी म्हटलं, "साहेब, मी याची आजी. याला वाचता येतं."

तो उठून उभा राहिला. "काय म्हणालात?"

"वाचता येतं याला. सैन्यानं शिकवलंय. मला येत नाही, आमच्यात कुणाला येत नाही, पण याला येतं. अगदी खालची ओळसुद्धा वाचतो."

डोळ्याचं मी काहीच बोलले नाही. तो शब्द माझ्यानं तोंडातून काढवेना.

एनॉक म्हणाला, "म्हातारी आहे, साहेब. काहीतरी बोलते." मला म्हातारी म्हणाला. नव्वद वर्षांची म्हणणाऱ्या पेपरवाल्याचा मला इतका राग आला नव्हता.

डॉक्टरनं टेबलावरचा पेपर उचलला, नुसत्या बारीक अक्षरांचं पान काढलं, एनॉकचा उजवा डोळा स्वतःच्या तळव्यानं झाकला आणि पान समोर धरलं. "वरची ओळ वाचा."

एनॉकनं श्वास घेतला आणि वाचलं. "टिल्सन आज पट्ट्यासाठी लढणार."

अडखळला नाही, स्वच्छ वाचलं. मला वाटलं, वाचलं की त्यानं. मी चुकले, डोळा आहे, मी उगाच पोराला चार लोकांत उघडं पाडलं. मी डोरीनकडे बघितलं तर तिनं तोंडावर हात धरला होता. क्रॉशर खुर्चीवर बसला. डॉक्टरनं पान हळूच खाली ठेवलं.

पान उलटं होतं. अक्षरांचे पाय वर होते. सगळ्या हॉलला दिसत होतं. दिसलं नाही ते दोघांनाच, एनॉकला आणि मला. मला काय, उलटं काय आणि सुलटं काय.

डॉक्टर अगदी हळू म्हणाला, "कपडे घाल, मुला."

८ मार्च १९६१

काल रात्री लढत झाली. दुसऱ्याच कुणाला तरी उभं केलं. एनॉक नावेच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. शेजारच्या नावेवर रेडिओ लागला होता, त्यांनी आवाज कमी केला. त्यानं खिडकी उघडून सांगितलं, "वाढवा, मला ऐकायचंय."

माझ्याशी बोलला नाही.

२ एप्रिल १९६१

इस्पितळात घातलंय. डावा वाचतो का बघतात. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही. एवढं मोठं धूड आणि खांब पुरावा तसं पुरून ठेवलंय.

मी शेजारी बसले. बोलले नाही, त्याला कळू नये म्हणून. पण कोळशाचा वास लपतो थोडाच. म्हणाला, "डोरीन, आजीला घरी ने. दमली असेल." माझ्याशी नाही, डोरीनशी बोलला. तरी मी ते शब्द घरापर्यंत सांभाळून आणले.

११ मे १९६१

पट्ट्या काढल्या. डावा गेला. उजवा ठीक आहे, असं डोरीन म्हणाली. कागद तिच्याकडे आहे, तिनंच वाचला. मी विचारलं, "नक्की ना?" ती म्हणाली, "जपायला सांगितलंय."

एक डोळा तरी राहिला. मी दिवसभर तेच घोळवत होते. एक राहिला, तो माझ्यामुळे. मनात म्हणायचं, मोठ्यानं नाही.

२० जुलै १९६१

तो डोरीनशी बोलतो, पाण्याच्या दरवाजेवाल्यांशी बोलतो, कुत्र्याशी बोलतो. मला मीठ हवं असेल तर न मागता पुढे सरकवतो. जेवण झालं की उठून जातो. क्रॉशर एकदा येऊन गेला. दोघं घोडवाटेवर चालत गेले आणि एकटा क्रॉशर परत आला. मला म्हणाला, "बाई, तुम्ही नसता आलात तर मी त्याला आत पाठवला असता." मी त्याला चहा दिला.

३ सप्टेंबर १९६१, ब्रॉन्स्टन

आज मी नावेच्या नाकावरचा दोराचा गोळा नवीन विणायला घेतला होता. काठाला आपटली तर लाकूड फुटू नये म्हणून लावतात तो. एनॉक आला आणि समोर बसला. मार्चपासून पहिल्यांदा.

म्हणाला, "मला शिकव."

मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि मग तो पुन्हा उठून गेला असता. "तुझी बोटं केळ्यांएवढी आहेत. ही गाठ बायकांची."

"शिकव तरी."

मी दोर त्याच्या हातात दिला. पहिला पदर दाखवला. बघते तर त्यानं डोळे मिटलेले.

"डोळे उघड की, मेल्या. मी काही दोर चोरत नाही तुझा."

"असंच शिकव, आजी."

"का?"

"सवय असलेली बरी."

डोरीन दारात कपडे वाळत घालत होती. तिनं एक ओला सदरा पिळला, पुन्हा पिळला, पिळतच राहिली. त्यातून पाणी केव्हाच संपलं होतं. तेव्हा मला इस्पितळाचा तो कागद आठवला, तिनं एकटीनं वाचलेला.

मी पहिला पदर सोडवला. त्याचे हात माझ्या हातात घेतले आणि पदर पुन्हा पहिल्यापासून घातला. "हा जाड आहे तो खालून. बोटानं ओळख, बोटाला कळतं. हा गेला की हा त्याच्या पोटातून." दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा बसलं. मी म्हटलं, "आता ओढ." त्यानं ओढलं. इतकं घट्ट की मला एकटीला कधी जमलं नसतं.

"बरोबर आहे का?"

"बघ की."

"तू सांग ना."

मी गाठीवरून अंगठा फिरवला आणि सांगितलं, की बरोबर आहे. मग पुढचा पदर हातात दिला. डोळे उघड असं मी म्हटलं नाही, आणि उघडू का असं त्यानंही विचारलं नाही.